खिंडीचा टप्पा

"खिंडीचा टप्पा यंदा हौसा घेईल," सोजरमावशी म्हणाल्या.

"खिंडीचा टप्पा मी घेणार," मी म्हणालो.

नऊ बायका एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. साडीवर मंडळाचे भगवे टी-शर्ट, पाय अनवाणी, पदर खोचलेले. मळाईच्या डोंगराच्या पायथ्याला माझा टेम्पो उभा होता आणि मी बॉनेटला टेकलो होतो. सर्वपित्री अमावस्येची संध्याकाळ होती. वर देवळातल्या समईवर ज्योत पेटवून त्या नुकत्याच खाली उतरल्या होत्या. आता रात्रभर पाळीपाळीने पळत ती सत्तर किलोमीटरवर आमच्या गावाला, बोरगव्हाणला न्यायची, आणि सकाळी तिच्यावर देवळातला दिवा लावून घट बसवायचे, अशी पद्धत.

गावातल्या बाप्यांची ज्योत वेगळी. ही बायकांची. ती सुरू केली माझ्या बायकोने, कौसल्येने. सुरुवातीला गाव हसलं. मग हसायचं थांबलं. सहा वर्षं खिंडीचा टप्पा ती पळाली. सगळ्यात अवघड टप्पा तो, नुसता चढ. सहाही वर्षं मी मागून टेम्पो चालवला. आणि त्या वर्षी वैशाखात ती गेली. ही रात्र त्यानंतर पाचच महिन्यांनी आली. या सगळ्याला आता बारा वर्षं होतील.

"दिगू, तुझ्या घरात वर्ष झालेलं नाही," सोजरमावशी म्हणाल्या. साठीच्या होत्या. पळायच्या नाहीत, पण मंडळ त्यांच्या शब्दावर चालायचं. "वर्ष होईपर्यंत घरात सण नाही. ज्योतीला हात लावायचा नाही. तुला माहीत नाही का?"

"माझी गाडी चालते. माझा हात चालत नाही?"

"गाडीला वर्ष नसतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशींनी वळून बघितलं तशी ती गप्प झाली.

"आणि बायकांच्या ज्योतीत बाप्या कशाला?" मावशी पुढे म्हणाल्या. आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नको बाबा. अहेव गेली. भाग्याची होती."

पाच महिने मी हेच ऐकत होतो. भाग्याची. शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. काखेतून खाली हात सुजून लाकडासारखा झाला होता. गावातल्या बायकांनी तिचा मळवट भरला, ओटी भरली, हिरवं नेसवलं, आणि एकेक जण बाहेर येऊन मला सांगून गेली, भाग्याची होती. मला त्या प्रत्येकीला विचारायचं होतं, तुला पाहिजे का असलं भाग्य?

"ठीक आहे," मी म्हणालो आणि टेम्पोत जाऊन बसलो. दार जोरात आपटलं. काच खाली घसरली ती परत वर आलीच नाही.

ज्योत निघाली. "उदे गं आई उदे" झालं. पुढे एक पळणारी, तिच्या बाजूला तेलाची बुधली घेऊन दुसरी, मागून माझी गाडी. बाकीच्या हौद्यात. टप्पा बदलायची रीत अशी की ज्योत थांबत नाही. घेणारी शेजारून पळायला लागते, दांड्यावर दोघींचे हात येतात, दहा-बारा पावलं दोघी बरोबर पळतात. घेणारी "आली" म्हणते. मगच देणारी सोडते. ज्योत जमिनीला टेकवायची नाही आणि उभीही करायची नाही. हे नियम कौसल्येनेच घालून दिले होते. सोजरमावशी फक्त सांभाळत होत्या.

केबिनमध्ये माझ्या शेजारी मावशी आणि दाराशी हौसा. हौसा म्हणजे आमच्या शेजारच्या किसनची बायको. कौसल्येची जिवाभावाची. धुणं, पाणी, सरपण, सगळं दोघींचं बरोबर. मी तिला हौसावहिनी म्हणायचो. कौसल्या आजारी असताना ती रोज यायची, पाय चेपायची, आणि मी आत आलो की उठून जायची. मला तेव्हा वाटायचं, लाजते.

तालुक्याचं गाव मागे पडलं तशा मावशींना डुलकी लागली. हौद्यात गाणी चालली होती, तीही थकली. केबिनच्या मागच्या जाळीला तोंड लावून कल्पना म्हणाली, "हौसाकाकू, तुम्ही पण खिंडीत तसाच हात दाबून पळणार का?"

कल्पना नवी होती. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. आदल्या साली पहिल्यांदा आली होती.

"कसा हात?" मी विचारलं.

"कौसाकाकूंसारखा. गेल्या साली नाही का? एका हातात ज्योत, दुसरा हात काखेत घट्ट दाबून पळत होत्या. मी तेलाला होते ना बरोबर. म्हटलं, काकू, चमक भरली का? तर म्हणाल्या, हौसाला माहीत आहे काय ते, तू पुढे बघ."

"कल्पे, गप बस," हौसा म्हणाली.

"मी काय वाईट बोलले?"

"गप बस म्हटलं ना! पाणी पी आणि पड जरा."

मी सहा वर्षं मागून गाडी चालवली होती. मागून पाठ दिसते. हात कुठे आहे ते दिसत नाही.

कौसल्येने मला गाठ दाखवली ती दिवाळीनंतर. म्हणाली, आता आता आली आहे. मी दुसऱ्या दिवशीच जिल्ह्याला नेलं. डॉक्टरने हात लावला आणि माझ्यावरच ओरडला, इतके महिने काय करत होता? मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, आत्ता आली आहे गाठ, इतके महिने कुठून आणता? त्या डॉक्टरला मी तेव्हापासून शिव्या घालत होतो.

"वहिनी, काय माहीत होतं तुम्हाला?"

"काही नाही भाऊजी. पुढे बघा. बैल आहे रस्त्यात."

रस्त्यात बैल नव्हता. काहीच नव्हतं. शोभा ज्योत घेऊन पळत होती आणि पलीकडे नुसता अंधार.

"वहिनी."

"भाऊजी, माझा टप्पा आला. उतरू द्या मला."

खिंडीचा पायथा खरंच आला होता. हौसा चालत्या गाडीतून उतरली आणि शोभाच्या बाजूला पळायला लागली. मी हँडब्रेक ओढला. इंजिन तसंच चालू ठेवलं, दार उघडलं, चपला काढून फेकल्या आणि धावलो. हौसाने दांड्याला हात घालायच्या आत मी घातला.

"अगं बाई! तुम्ही?" शोभा ओरडली.

"आली!" मी म्हणालो.

सवयीने तिने सोडली.

मागे सोजरमावशी जाग्या झाल्या आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. "दिगू! अरे मेल्या, ठेव ती! ठेव!" मग स्वतःच्याच लक्षात आलं असेल, ठेवायची तर नाहीच. "अरे, ठेवू नको! दे! हौसाला दे!" टेम्पो दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता. तो दिवे लावून पायथ्याशीच उभा राहिला आणि मी वळण घेतलं तसा त्याचा उजेडही गेला.

मी तेव्हा पंचेचाळिशीचा होतो. पोट सुटलेलं. आयुष्य सगळं गाडीच्या सीटवर गेलेलं. पहिल्या चढाला छातीत आग पेटली. खडी पायात घुसत होती. तेलाचे थेंब मनगटावर पडत होते आणि प्रत्येक थेंबाला मी मोठ्याने शिवी देत होतो. ही बाई सहा वर्षं ह्या रस्त्याने पळाली आणि घरी येऊन एकदाही म्हणाली नाही की भाजतं.

हौसाने मला दुसऱ्या वळणावर गाठलं. तिला धाप लागली नव्हती.

"भाऊजी, द्या इकडे."

"काय माहीत होतं ते सांगा."

"आधी द्या."

तिने दांड्यावर हात घातला. आम्ही दोघे बरोबर पळायला लागलो.

"आली," ती म्हणाली.

मी सोडली नाही.

"आली म्हणतेय ना! सोडा."

"तिला गाठ कधी आली होती?"

"भाऊजी, तेल सांडतंय."

"सांडू दे. कधी?"

आम्ही तसेच चढत राहिलो, एका दांड्याला दोघे लटकल्यासारखे. खालून हॉर्न ऐकू येत होता.

"श्रावणात," ती म्हणाली. "श्रावणात दाखवली तिने मला. न्हाणीत. म्हणाली, हात लावून बघ गं. मी लावला."

"श्रावणात."

"होय."

"म्हणजे दिवाळीच्या आधी तीन महिने. आणि मला कुणी सांगितलं नाही."

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्यांना कळलं तर यंदा पळू देणार नाहीत."

"नसतंच दिलं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हौसाला बोललो, कौसल्येला बोललो, देवीलाही बोललो. देवीची ज्योत हातात धरून बोललो. श्वास नव्हता तरी शिव्यांना कमी पडला नाही. हौसा ऐकून घेत होती. तिने दांडा सोडला नाही आणि मीही नाही.

"आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "हात लावून बघितलात, आणि काय म्हणालात तिला?"

"घाबरली होती हो ती. रडत होती. मला काय सुचणार?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, घाबरू नको. असते बायकांना. दूध आटलं की राहते. म्हटलं…" तिने दांडा घट्ट धरला. "म्हटलं, माझ्यातही आहे. दोन वर्षं झाली. काही होत नाही."

आम्ही चार-सहा पावलं पळालो.

"म्हणजे खोटं सांगितलंत. तिला बरं वाटावं म्हणून."

हौसाने दांडा आपल्याकडे ओढला.

"वहिनी, खोटं ना?"

"भाऊजी, ज्योत सोडा आता. माथा आला."

"आहे का तुम्हाला गाठ?"

"आहे."

"अजून?"

"आहे म्हटलं ना."

"डॉक्टरला दाखवली?"

"कुठला डॉक्टर? पुरुष डॉक्टर आहे तालुक्याला. ह्यांना पण माहीत नाही."

"कौसल्येला मी जाळून आलो," मी म्हणालो. "तुम्ही तिथे होतात. त्याच्या आधी सहा महिने तुम्ही तिचे पाय चेपत होतात. आणि तरीही दाखवली नाहीत?"

"तिचं बघितलं म्हणूनच नाही दाखवली," ती ओरडली. पहिल्यांदाच ओरडली. "नेलंत ना तुम्ही तिला जिल्ह्याला? काय झालं? कापली, केस गेले, आणि मेलीच ना ती? मग मी कशाला जाऊ? मरेन तेव्हा मरेन."

"उद्या जायचं."

"उद्या घट बसतात. नऊ दिवस घरातला दिवा सांभाळायचा असतो. घर सोडता येतं का?"

"मग कधी?"

"दसरा होऊ दे. दसऱ्यानंतर जाईन."

"तीही हेच म्हणाली होती?"

हौसाने पळण्याचा वेग वाढवला.

"हेच म्हणाली होती का?"

"हो," ती म्हणाली. "दसरा होऊ दे म्हणाली. मग दसरा झाला तर म्हणाली, दिवाळीला पोरगी यायची आहे, ती जाऊ दे."

मी थांबलो.

नुसता थांबलो. खिंडीच्या शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध. दांड्याला हिसका बसला आणि हौसा मागे खेचली गेली.

"भाऊजी! ज्योत थांबली!"

"थांबू दे."

"अहो, पाप लागेल!"

"मला? मला आणखी काय लागायचं राहिलंय?"

ती ओढायला लागली. अंगात ताकद होती तिच्या, पण मी गाडीवाला, पोती उचललेला माणूस. हललो नाही. ज्योत आमच्या दोघांच्या मध्ये सरळ उभी जळत होती. पळताना ती मागे वाकते. तशी सरळ मी ती कधी बघितली नव्हती.

"चला ना," हौसा रडकुंडीला आली. "खाली मावशी बघत असतील. चला. पाया पडते तुमच्या."

"बारा वाजून गेलेत. आजच जायचं. ज्योत देवळात ठेवली की आजच."

"घट…"

"घट गेले खड्ड्यात."

"असं बोलू नका!"

"मग म्हणा. आज जाते म्हणा. नाहीतर सकाळपर्यंत इथेच उभा राहीन. तेल संपलं तर संपलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबलोय हे तिला पटत नव्हतं, आणि मी थांबून राहीन हे मात्र पटलं होतं. शेवटी म्हणाली, "आज जाते."

"कौसल्येची शपथ?"

"तिची शपथ नको. तिच्या शपथेनेच सगळं झालं," ती म्हणाली. "जाते म्हटलं म्हणजे जाते. आता आली म्हणू का?"

"म्हणा."

"आली."

मी सोडली. ती माथ्यावरून पलीकडे उतरली. तिच्याकडून ज्योत घ्यायला पुढे कुणीच नव्हतं, सगळ्या खाली टेम्पोत. म्हणून मी तशाच रक्ताळलेल्या पायांनी उलटा खाली पळालो, गाडी आणायला.

सोजरमावशी हॉर्न सोडून रस्त्यात उभ्या होत्या. मला वाटलं, तोंडात मारतील. मारलीही असती.

"ज्योत थांबली होती वर. इथून दिसली," त्या म्हणाल्या.

"थांबवली."

"का?"

"हौसाला गाठ आहे. कौसल्येसारखी. दोन वर्षं झाली. दसऱ्यानंतर जाते म्हणते."

कल्पनाने तोंडावर हात ठेवला. मावशी केबिनमध्ये चढून बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढ. पोरगी एकटी पळतेय."

गावात पोचलो तेव्हा फटफटलं होतं. ढोल, हळदी-कुंकू, पायावर पाणी, सगळं झालं. ज्योत आत गेली. मी बाहेर गाडीतच होतो, वर्ष झालेलं नव्हतं. हौसा देवळातून आली आणि सरळ घराच्या वाटेला लागली. घट बसवायची घाई. मी दार उघडून उतरणार, तेवढ्यात मावशींनी तिचा दंड धरलेला दिसला.

"तुझे घट मी बसवते," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस दिवाही मीच सांभाळते. तू गाडीत बस."

किसन पुढे आला. "कुठे निघालात हो सगळे?"

"दवाखान्यात," मी म्हणालो. "तू पण बस."

"काय झालं हिला?"

"वाटेत सांगते," हौसा म्हणाली.

मावशी हौसाला बसवून माझ्या बाजूला आल्या. खाली घसरलेल्या काचेतून म्हणाल्या, "ज्योत थांबवलीस ते गावात कुणाला सांगू नको." मग म्हणाल्या, "आणि मी भाग्याची म्हणाले होते ना कौसाला. परत नाही म्हणणार."

जिल्ह्याला त्याच डॉक्टरकडे नेलं. त्याने मला ओळखलं. सुई घालून तपासायला पाठवलं आणि आठ दिवसांनी या म्हणाला. आठव्या दिवशी किसनचं सोयाबीन काढायला आलं होतं, म्हणून मी एकटाच हौसाला घेऊन गेलो. ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. त्याच बाकावर मी कौसल्येच्या वेळी बसलो होतो.

हौसा बाहेर आली. पदराने तोंड पुसत होती.

"साधी आहे," ती म्हणाली. "काही नाही. दुधाचीच गाठ. काढायचीही गरज नाही म्हणाले."

बरं झालं, असं म्हणायचं असतं. मला ते म्हणता आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, हिची साधी. हिची का साधी? दोन वर्षं लपवून ठेवलेली हिची साधी, आणि माझ्या कौसल्येची तीन महिन्यांची नाही. ज्या हाताने हिने ती चाचपली आणि काही होत नाही म्हणाली, त्या हाताकडे मी बघत राहिलो. हौसाला ते कळलं असावं. तिने पेढे घेतले नाहीत. रस्त्यात दुकान लागलं तरी गाडी थांबवा म्हणाली नाही.

तालुका मागे पडला. काच अजून तशीच खाली होती, वारा येत होता.

"भाऊजी, शिव्या घाला मला," ती म्हणाली.

"घालतोय. मनात."

"मोठ्याने घाला."

मी घातल्या नाहीत. खिंडीचा पायथा आला.

"गाडी थांबवा."

"का? उलटी होते का?"

"थांबवा म्हटलं ना."

थांबवली. तिने चपला काढून सीटखाली सरकवल्या, पदर खोचला, आणि उतरली.

"कुठे निघालात?"

"यंदा हा टप्पा माझा होता," ती म्हणाली. "तिच्या जागी मी पळणार होते. तुम्ही पळू दिला नाहीत."

आणि ती पळायला लागली. भर दुपारी, हातात काही नाही, दोन्ही हात रिकामे. समोरून एसटी आली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं. तिने बघितलं नाही.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. रस्ता मोकळा होता, बाजूने निघून घरी जाता आलं असतं. माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पण गाडी मी पुढे काढली नाही. माथ्यापर्यंत तिच्या पाठीमागेच ठेवली.